पंखा जुळला पाहिजे

सकाळी ६

शेतीच्या फीडरला लाईट आली की फोन सुरू होतात. रात्रभर थांबलेल्या मोटारी एकदम चालू होतात आणि जी होत नाही तिचा मालक मला शोधतो. चौसाळा हे बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावरचं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना लागणारं खत, बियाणं, पाइप, केबल इथूनच जातं. माझं दुकान पंपांचं. मागे छोटं वर्कशॉप आहे, त्यात एक लेथ आहे.

‘मोटार जळाली’ हे वाक्य रोज कानावर पडतं. पण जळालेली मोटार उघडून बघितली की पुष्कळदा कळतं, मोटारीचा काही गुन्हा नव्हता. तिच्या डोक्यावर जो पंप बसवला होता तो त्या बोअरच्या पाण्याला जुळत नव्हता. माणसं मोटारीचा एचपी विचारतात, कंपनी विचारतात, भाव तर विचारतातच. आतला इम्पेलर कोणता, किती स्टेजचा (म्हणजे एकावर एक किती इम्पेलर), हे विचारणारा विरळा. पाणी ढकलतो तो इम्पेलर, म्हणजे आतला पंखा. मोटार फक्त त्याला फिरवते.

सकाळी ७.१५

पहिलं काम एका तात्यांच्या शेतात. चारशे फूट बोअर, पाच एचपीची सबमर्सिबल, वरच्या तुकड्यातल्या टाकीत पाणी चढवतात. मोटार दहा मिनिटं चालते आणि स्टार्टर ट्रिप मारतो.

“पाणी तर धो धो पडतंय बघ, मग मोटार कशापायी बंद पडती?” तात्यांचा सवाल रास्त होता.

मी आधी बोअरमध्ये दोरी सोडली. दोरीच्या टोकाला जड नट. चाळीस फुटांवर पाणी लागलं. हा पंप त्यांनी घेतला तेव्हा पाणी अडीचशे फुटांच्या खाली होतं, म्हणून शंभर मीटर हेडचा घेतला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जो पाऊस कोसळला त्यानं मराठवाड्यातली शेतं खरवडून नेली, गावं पाण्यात गेली. पण बोअर आणि विहिरी तुडुंब भरल्या. आता त्या पंपाला शंभर मीटरऐवजी जेमतेम पंचवीस-तीस मीटर उचलायचंय.

काम हलकं झालं की मोटारीला आराम मिळेल, असं कुणालाही वाटेल. या जातीच्या पंपात उलट होतं. वरचा दाब कमी झाला की इम्पेलरमधून पाणी बेसुमार वाहतं. मिनिटाला नव्वद लिटरसाठी बनलेला पंप त्याच्या दीडपट पाणी फेकू लागतो आणि तेवढं पाणी फेकायला मोटार जास्त करंट ओढते. नावपट्टीवर साडेदहा अँपिअर होते, टाँग टेस्टरवर बारा दिसत होते. शिवाय इम्पेलरांची अख्खी माळ पाण्याच्या जोरानं वर उचलली जाते आणि वरचा बुश खाते, ते वेगळंच.

तात्यांनी विचारलं, “मग काही स्टेज काढून टाकायच्या का?” मी नको म्हटलं. आज पाणी चाळीस फुटांवर आहे, मे महिन्यात ते पुन्हा दोनशेच्या खाली जाणार. आपल्याकडचा काळा खडक पाणी धरून ठेवत नाही, फटीफटीत जेवढं साठतं तेवढंच. उन्हाळ्यात याच स्टेज लागतील. मी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू दाबत गेलो आणि तात्यांना टेस्टर धरायला दिला. बारा, साडेअकरा, साडेदहा. आकडा पावणेदहावर आला तिथे थांबलो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर खिळ्यानं खूण केली. टाकीत पडणारी धार बारीक झाली. तात्यांचा चेहरा जरा पडला, पण मोटार चालत राहिली. व्हॉल्व्ह दाबून थोडी वीज वाया जाते हे खरं. वायंडिंग पुन्हा भरण्याच्या खर्चापुढं ती काहीच नाही.

सकाळी ९.३०

परत येताना रस्त्यात एका काकूंचा सौर पंप. नऊ वाजून गेलेत, प्लेटा तापल्यात, तरी पाइपातून हवा निघतेय. अकराला पाणी येतं आणि अडीच-तीनला बंद होतं.

सौर पंप लाईटवरच्या पंपासारखा एका वेगानं फिरत नाही. ऊन कमी तर फेरे कमी. आणि फेरे कमी झाले की इम्पेलरची उचल त्याच प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात होते. वेग ऐंशी टक्क्यांवर आला की उचल चौसष्ट टक्क्यांवर येते. काकूंचं पाणी चालू पंपाला साठ मीटरवर, त्यात टाकीची उंची धरून पासष्ट. पंप सत्तर मीटरचा. म्हणजे भर उन्हात, पूर्ण वेगात असतानाच त्याचं पाणी वर पोचणार. शंभर मीटरचा असता तर ऐंशी टक्के वेगाला चौसष्ट मीटर उचलला असता, ऊन त्याहून जरा चढलं की धार लागली असती.

अर्जात खोली किती लिहिली होती, विचारलं. “पोरानं अंदाजानं भरली,” काकू म्हणाल्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत एचपी जमिनीवर ठरतो: अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. पण पाणी किती खोल आहे हे शेतकऱ्यानंच सांगायचं असतं आणि नेमका तोच रकाना लोक अंदाजानं भरतात. पाच वर्षं देखभालीची जबाबदारी पुरवठादाराची असते, म्हणून तक्रार नोंदवायला सांगितलं आणि पाण्याची मोजलेली खोली कागदावर लिहून दिली. प्लेटांवर धूळ बोटभर होती, ती पुसून घ्यायलाही सांगितलं.

सकाळी ११

दुकानात गर्दी. एक तरुण आला, सरळ म्हणाला, “दादा, साडेसातची द्या. पाचची पाणी टाकीना.”

साडेसातची विकली तर माझे पैसे जास्त होतात. पण आधी त्याला पाइप विचारला. बोअरपासून बागेपर्यंत हजार फूट, सव्वा इंची. सीताफळाची नवी बाग आहे, ठिबक आहे. मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर हिशोब मांडला. मिनिटाला नव्वद लिटर पाणी सव्वा इंची पाइपातून हजार फूट न्यायचं तर नुसत्या घर्षणात नव्वद फुटांच्या आसपास हेड जातं. पाणी एक इंचही वर चढलेलं नसतं, तरी मोटारीनं नव्वद फूट चढवल्याएवढी मेहनत केलेली असते. तेच पाणी दोन इंची पाइपातून नेलं तर हा तोटा दहा फुटांच्या आत येतो.

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मोठी मोटार घेतली असती तर तिला जाड केबल लागली असती, नवा स्टार्टर लागला असता आणि डीपीवर आधीच कमी असलेलं व्होल्टेज आणखी खाली गेलं असतं. तो दोन इंची पाइपाचे रोल घेऊन गेला. पाइपात कंजूषी आणि मोटारीत उधळपट्टी ही आमच्या भागातली जुनी खोड आहे, आणि तिला आम्हा दुकानदारांनी खतपाणी घातलंय.

दुपारी १

लेथवर एक जुना मोनोब्लॉक. विहिरीच्या काठावर बसवलेला, पाण्यापासून फार उंच. चालू केला की आत खडे वाजल्यासारखा आवाज यायचा. उघडला तर इम्पेलरच्या पात्यांना, पाणी आत शिरतं त्या तोंडाशी, बारीक बारीक खड्डे. बिडाचं पातं काही ठिकाणी नखानं सोलता येईल इतकं पोखरलेलं. पाण्यात वाळू नव्हती, गंजही नव्हता. हे बुडबुड्यांचं काम. पाणी ओढताना दाब इतका उतरतो की थंड पाणीच तिथं उकळून वाफेचे बुडबुडे होतात. पुढं दाब वाढला की ते फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर घाव घालतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

बोटींच्या जगात हा रोग आधी ओळखला गेला. चार्ल्स पार्सन्सनं १८९४ मध्ये टर्बिनिया नावाची बोट बांधली, तिला आपलं नवं स्टीम टर्बाइन बसवलं. इंजिनात ताकद भरपूर, पण बोट वेग घेईना. एकच पंखा इतक्या जोरात फिरत होता की तो पाणी कमी आणि बुडबुडेच जास्त घुसळत होता. पार्सन्सनं इंजिनाची ताकद तीन शाफ्टांवर वाटली, एका शाफ्टवर तीन असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात तीच बोट चौतीस नॉट म्हणजे ताशी त्रेसष्ट किलोमीटरच्या वेगानं जहाजांच्या रांगांमधून गेली. तिला गाठायला तिथं दुसरी बोट नव्हती.

विहिरीवरच्या या पंपाला नऊ पंखे लागत नाहीत. तो खाली पाण्याच्या जवळ, सहा मीटरच्या आत आणला की आवाज थांबेल. शिवाय मालकाला आता एवढ्या हेडची गरज राहिलेली नाही, म्हणून नव्या इम्पेलरचा काठ लेथवर एकशे ऐंशी मिलिमीटरवरून एकशे सत्तरवर उतरवला. नुसत्या दहा मिलिमीटरनं उचल अकरा टक्के उतरते, पण मोटारीवरचा भार सोळा टक्के उतरतो. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर उभी राहिली आणि १९२६ मध्ये तिथं सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. तेव्हापासून महाराष्ट्रात पंप बनतायत. तरी इम्पेलरचा काठ उतरवून भार जुळवता येतो, हे शेतकऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही. मोटार बदलायलाच सांगतात सगळे.

दुपारी २.३०

जेवण झालं आणि भाचा आला. तो मांडव्याकडं स्पीड बोटींचं मेकॅनिकचं काम करतो, नात्यातल्या लग्नासाठी गावी आलाय. त्यानं पिशवीतून दोन प्रोपेलर काढून टेबलावर ठेवले. तिकडंही त्याला पंखाच म्हणतात.

“मामा, यातला कोणता लावू ते सांग.”

दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, तीन पात्यांचे, काळ्या रंगाचे. बुशवर आकडे कोरलेले. एकावर साडेचौदा गुणिले एकोणीस, दुसऱ्यावर सव्वापंधरा गुणिले पंधरा. पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच: लाकडात स्क्रू जसा एका फेऱ्यात ठरावीक पुढं जातो, तसा हा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढं जाईल ते. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, म्हणून तो तेवढा जात नाही, थोडा घसरतो. त्या घसरण्याला स्लिप म्हणतात.

बोटीला दीडशे एचपीचं आउटबोर्ड आहे. कंपनी म्हणते, पूर्ण थ्रॉटलला इंजिन पाच ते सहा हजार फेऱ्यांत बसलं पाहिजे. एकोणीसच्या पंख्यावर रिकामी बोट झकास पळते. पण माणसं भरली की इंजिन सेहेचाळीसशेच्या वर चढत नाही, बोटीचं नाक वर राहतं, पाण्यावर उचलायला तिला फार वेळ लागतो आणि तोवर पेट्रोल नुसतं जळत राहतं. मालक म्हणतो, इंजिन दोनशेचं घेऊ.

मी हसलो. सकाळचा साडेसातवाला तरुण आणि हा मालक एकाच गावचे म्हणायला हवेत.

आम्ही हिशोबाला बसलो. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, हे भाच्याला पाठ आहे. सतराचा लावला तर सेहेचाळीसशेचे पाच हजारांच्या आसपास होतील, म्हणजे कसेबसे पहिल्या पायरीवर. पंधराचा लावला तर बावन्नशे ते चोपन्नशे. भरलेल्या बोटीला हा बरोबर. पण मग रिकामी असताना? तेव्हा फेरे सहा हजारांच्या पुढं जायला नकोत. हे कागदावर कळत नाही, बोट पाण्यात घालून टॅकोमीटर बघावा लागतो.

वेगाचंही बघितलं. सतराचा पंखा, चोपन्नशे फेरे, गिअर दोनास एक. पंखा मिनिटाला सत्तावीसशे फेरे घेणार, दर फेऱ्याला सतरा इंच, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. जीपीएसवर साठ दिसले तर स्लिप चौदा टक्के, आणि अशा बोटीला ती चालते. स्लिप पंचवीस-तीसवर गेली तर पंखा वरची हवा ओढतोय, त्याचा काठ वाकलाय किंवा इंजिन जास्त उंच बसवलंय, असं समजायचं.

भाच्याला स्टेनलेस स्टीलचा पंखा हवा होता. तो पातळ असतो, वाकत नाही, पाणी स्वच्छ कापतो, वेग वाढतो. माझं मत वेगळं पडलं. भरती-ओहोटीच्या उथळ पाण्यात रोज ये-जा करणाऱ्या बोटीचा पंखा कधी ना कधी खडकाला लागणारच. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकेल किंवा मोडेल आणि धक्का स्वतःवर घेईल. स्टीलचं पातं तसंच राहील आणि धक्का पुढं गिअरकेसला देईल. बुशमधलं रबर काही प्रमाणात सांभाळतं, सगळं नाही. शर्यतीच्या बोटीची गोष्ट निराळी. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी१ पॉवरबोटची शर्यत झाली होती. अशा बोटीत मोजकी माणसं, ओझं ठरलेलं, पाणी खोल. तिथं मोठा पिच, बोटीचं नाक उचलणारी मागं कललेली पाती, काठाला दिलेला बारीक वळसा हे सगळं शोभतं. तोच पंखा बारा माणसांच्या बोटीला लावला तर ती उठणारच नाही.

मला त्या क्षणी सप्टेंबर २०२५ च्या पुरातल्या रबरी बोटी आठवत होत्या. बीड-धाराशिवच्या गावांत बचावाच्या तुकड्या त्या घेऊन आल्या होत्या. जाताना बोटीत दोन-तीन जवान, येताना म्हातारी माणसं, लेकरं, गाठोडी. अशा बोटीला रिकाम्या बोटीच्या वेगावरून पंखा निवडायचाच नसतो. तिला लहान पिच हवा, चौथं पातं असेल तर पकड आणखी चांगली. परतीचं ओझं घेऊन ती प्रवाहाविरुद्ध आली पाहिजे, यापलीकडं तिच्याकडून काही नको. आपल्या जिल्ह्यात अशी बोट पुन्हा कधी लागली तर ती भरून चाचणी झालेली असावी, एवढं तरी व्हायला हवं.

फ्रान्सिस पेटिट स्मिथची गोष्ट भाच्याला माहीत नव्हती. १८३६ मध्ये त्यानं स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा लाकडी पंखा दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी अडकला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबेल असं वाटलं होतं. ती आधीपेक्षा जोरात निघाली.

शेवटी असं ठरलं की भाचा पंधराचा लावून पूर्ण भरलेली बोट पळवेल, फेरे लिहून ठेवेल, मग रिकामी पळवेल. रिकामीला सहा हजारांपुढं गेली तर सोळा-सतराचा आणेल. एकोणीसचा फेकायचा नाही, कमी माणसांच्या फेऱ्यांसाठी राहू दे. इंजिन आहे तेच.

त्याच्या बोटीत ओझं वाढलं की इंजिन दबतं, तात्यांच्या बोअरमध्ये ओझं कमी झालं की मोटार दबते. भाच्याला हे उलटसुलट वाटलं. मी म्हटलं, दोन्हीकडं एवढंच बघ की पंखा एका वेळी किती पाणी ढकलतोय आणि ते ढकलायला फिरवणाऱ्याजवळ तेवढा जोर आहे का.

संध्याकाळी ५

घोडी, चेनपुली आणि दोन पोरं घेऊन एका बोअरवर. नवा पंप सोडायचा होता. पाइप जोडा, केबल क्लॅम्प करा, दोर तपासा, सोडा. अडकलं काही नाही. चालू केल्यावर अँपिअर बघितले, अर्ध्या तासानं पाण्याची पातळी पुन्हा मोजली. ही दुसरी मोजणी कुणी करत नाही आणि सगळा पंप तिच्यावरच ठरतो. बंद बोअरमध्ये पाणी शंभर फुटांवर दिसतं, तासभर उपसा झाला की दीडशेवर जातं. पंप त्या दीडशेसाठी घ्यायचा असतो.

संध्याकाळी ७.३०

दुकान आवरताना दिवसभरातल्या पंपांची वही लिहितो: बोअरची खोली, चालू पाण्याची पातळी, पाइप, व्होल्टेज, अँपिअर. पाच-सहा वर्षांनी तोच शेतकरी येतो तेव्हा वहीतलं त्याचं पान उपयोगी पडतं.

वाचणाऱ्या शेतकरी मित्रांना एकच विनंती. पंप घ्यायला निघण्याआधी मोटार तासभर चालवून बोअरमध्ये दोरी सोडा. तो आकडा, टाकीपर्यंतची उंची, पाइपाची लांबी आणि जाडी, आणि लाईट असतानाचं व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी दुकानदाराच्या हातात द्या. ती न वाचता जो आधी एचपी विचारेल, त्याच्याकडून पंप घेऊ नका.